आठ मिनिटांचा कागद

"पाणी मिळंल का वो, डॉक्टर?" खुर्चीत बसायच्या आधीच त्या बाईनं विचारलं.

मी डॉक्टर नव्हतो. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेला सत्तावीस वर्षांचा तंत्रज्ञ होतो. पण अंगात पांढरा कोट होता, आणि मिरजेत पांढऱ्या कोटाला लोक डॉक्टरच म्हणायचे. पहिले काही दिवस मी चूक दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं. ऐकायला बरं वाटायचं, हेच खरं कारण.

तिनं तांब्या ओठांना न लावता वरून घटाघटा रिकामा केला आणि संकोचून आणखी मागितला. "ताई, आमची टाकी रिकामी करता काय?" असं मी म्हटलं, तशी ती हसली. हसताना तिचे ओठ ताणले गेले आणि त्यांवरच्या भेगा दिसल्या. डिसेंबर होता. सकाळच्या वेळी लोक स्वेटर घालून रक्त द्यायला येत होते. ते ओठ मी पाहिले होते, एवढं इथे सांगून ठेवतो.

तिचं नाव पद्मावती मगदूम. शिरोळकडच्या एका गावातली. बरोबर नवरा होता, भूपाल. त्याची पिठाची गिरणी होती आणि पीठ त्याच्या भुवयांत कायमचं मुक्कामाला आलं होतं. माणूस सरळ होता, पण बायकोची सगळी हकिगत त्यानं तिच्यासमोरच, ती तिथं नसल्यासारखी, मला सांगून टाकली. वर्षापूर्वी तिला दुसरं मूल झालं ते मेलेलंच. त्यानंतर तिनं बोलणं सोडलं, जेवण सोडलं. एके दुपारी चार वर्षांच्या त्रिशलाला एसटी स्टँडच्या बाकावर बसवून ती उठली आणि चालत सुटली. संध्याकाळी नदीच्या पुलावर सापडली. पोरगी तोवर बाकावरच बसून होती. तेव्हापासून त्रिशला निपाणीला आत्याकडे होती, त्याला आता आठ महिने झाले होते.

वरच्या मजल्यावर डॉ. हळबे बसायचे, मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी गोळ्या सुरू केल्या होत्या. बाई हळूहळू उठून बसली, वेणीफणी करायला लागली, भाकऱ्या करायला लागली. पण पहिल्याच आठवड्यात तिच्या सासूला उंबऱ्यापाशी एक गोळी पडलेली सापडली. हातातून निसटली, असं ती म्हणाली. सासूचं मत पडलं की सून गोळ्या टाकून देते आणि पोरगी परत मिळावी म्हणून बरं झाल्याचं सोंग करते. पुन्हा कधी पोरीला कुठल्या बाकावर सोडून जाईल याचा नेम नाही. हळब्यांनी तोड काढली. रक्त तपासू, म्हणाले. औषध नियमित जात असेल तर मुलीला घरी आणायला माझी हरकत नाही.

म्हणजे त्या दिवशी माझ्या सुईतून रक्त निघणार होतं आणि त्यावर त्रिशलाचं घरी येणं ठरणार होतं. हे मला पक्कं माहीत होतं. न कळून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

बाईनं पिशवीतून दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा काढला. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. प्रत्येक फुटलेल्या खणाशेजारी बॉलपेननं बारीक अक्षरात तारीख घातलेली. दहावीपर्यंत शिकली होती, अक्षर नेटकं होतं.

"पट्ट्या काय, कुणीबी रिकाम्या करतंय," नवरा म्हणाला.

ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळली. "रक्तात खरं काय ते कळतंय न्हवं?"

मी तिच्या दंडाला रबरी नळी बांधत होतो. "माणूस खोटं बोलेल ताई," मी म्हणालो. "रक्त बोलत नाही."

तिला ते फार आवडलं. तिनं आनंदानं हात पुढे केला. त्यानंतर मी हजारो लोकांचं रक्त काढलं असेल, पण इतक्या आनंदानं हात पुढे करणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

आता मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. कपाटाएवढं ते मशीन परदेशातून येऊन चार महिने झाले होते. आसपासच्या दोन-तीन जिल्ह्यांत तसं दुसरं नव्हतं, आणि ते फक्त मला चालवता यायचं. माझी छाती त्यामुळे किती फुगली होती, हे माझी आई अजून सांगते. रक्तातला औषधाचा अंश काढून तो एका पोलादी नळीतून ढकलायचा. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या वेळी नळीतून बाहेर पडतात. बाजूला कागद सरकत असतो आणि पदार्थ बाहेर पडला की पेन वर चढतं, कागदावर उंचवटा येतो. पद्मावतीबाईंच्या गोळीचा, म्हणजे इमिप्रामीनचा, उंचवटा सहाव्या मिनिटाला यायचा. आठव्या मिनिटाला मी पेन थांबवून कागद फाडायचो. फिट्सच्या रुग्णांचे नमुने रांगेत असायचे, आणि कागदाची रिळं मुंबईहून यायची ती कधीच वेळेवर यायची नाहीत.

मशीनबरोबर आलेल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की ही गोळी पोटात गेली की यकृत तिचं दुसऱ्या एका औषधात रूपांतर करतं. हे दुसरं रूप निकामी नसतं, तेही मूळ गोळीइतकंच काम करतं. त्याचा उंचवटा अकराव्या मिनिटाला येतो, आणि रुग्णानं औषध घेतलं की नाही हे ठरवताना दोन्ही एकत्र धरावेत. त्या ओळीखाली मी लाल पेन्सिलनं रेघही मारली होती. पण दुसऱ्या रूपाची तुलनेसाठी लागणारी पूड आमच्याकडे आली नव्हती. लॅबचे मालक नानिवडेकर सर म्हणाले, ती येईपर्यंत जे मोजता येतं ते मोजू. महिना गेला, दोन गेले. पहिला उंचवटा प्रत्येकाच्या रक्तात कमी-जास्त मिळतच होता, त्यामुळे कोणाचं अडलं नाही. आठ मिनिटं ही सवय झाली. आपण अर्धंच बघतो आहोत, हे मी विसरून गेलो.

पद्मावतीबाईंचा नमुना मी दुपारी चढवला. सहावं मिनिट आलं. पेन जरासं हललं आणि रेघ सरळ पुढे गेली. सात. आठ. मी पेन थांबवलं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला मजा वाटली. इतक्या तारखा, इतका दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा, आणि माझ्या मशीननं एका रेघेत सगळं उघडं पाडलं. मी रिपोर्ट टाइप केला, 'रक्तात औषध आढळले नाही', आणि खाली सही ठोकली.

तासाभरानं भूपाल वरून खाली आला. रिपोर्ट त्याच्या हातात घडी होऊन चुरगळला होता. नक्की का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी शंभर टक्के म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बाहेर दहा-बारा लोक बसलेले, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "गोळी पोटात गेली की रक्तात येते. उकिरड्यात गेली तर उकिरड्याचं रक्त तपासावं लागेल."

लोक हसले. बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. हिशेब कुठं चुकला ते शाळेतलं पोर फळ्याकडे बघून शोधतं, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"परत एकदा काढा की रक्त," ती म्हणाली.

"रक्त तेच, मशीन तेच, ताई. वेगळं काय येणार?"

जाताना तिनं माठातलं पाणी घेतलं, दोन पेले.

हळब्यांनी नवऱ्याला सांगितलं की तीन आठवडे गोळी तुमच्या हातानं द्या, तोंड उघडून बघा, मग पुन्हा तपासू. तीन आठवड्यांनी दोघं परत आली. भूपालची कळी खुललेली होती. बाई बाकावर बसायच्या आतच त्यानं मला सांगितलं की चौथ्याच दिवशी तिनं कबूल केलं. गोळ्या घरामागच्या परड्यात पुरत होते, म्हणाली. आईनं जरा आवाज चढवला, मी म्हटलं खरं बोललीस तर पोरीला आणायचं बघू, तेव्हा कुठं बोलली. आता एकवीस दिवस एक गोळी चुकली नाही, मी स्वतः जिभेवर ठेवली, असं तो अभिमानानं म्हणाला. मलाही अभिमान वाटला. माझ्या मशीनमुळे एका बाईनं खोटं सोडलं होतं.

बाई हात पुढे करून बसली होती. या वेळी तिनं काही विचारलं नाही. बोटं बारीक थरथरत होती.

जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी होती. मी नमुना चढवला आणि खुर्ची ओढून बसलो. पाचवं मिनिट झालं. सहावं आलं. पेन जरासं हललं आणि रेघ सरळ पुढे गेली.

मी उठून उभा राहिलो. पहिला विचार आला की नवराही खोटं बोलतो. दुसरा विचार आला की तो कशाला बोलेल. सात झाली. आठ झाली. माझा हात रोजच्या सवयीनं बटणाकडे गेला आणि तिथंच राहिला. नऊ. दहा. आठ मिनिटांच्या पुढचा कागद मी त्या मशीनवर पहिल्यांदाच बघत होतो. अकराव्या मिनिटाला पेन हललं, वर चढायला लागलं, चढतच गेलं, आणि कागदाच्या कडेला जाऊन टक्टक् आपटत राहिलं.

आमच्याकडे नमुने महिनाभर बर्फात ठेवायची पद्धत होती. मी तिचा पहिला नमुना शोधून काढला, चढवला आणि समोर उभा राहिलो. सहाव्या मिनिटाला रेघ सरळ होती. अकराव्या मिनिटाला पेन तसंच चढलं आणि कडेला आपटलं.

काही घरांत विरजण फार लवकर लागतं. रात्री लावलेल्या दुधाचं सकाळी घट्ट दही झालेलं असतं. तिचं यकृत तसं होतं, गोळी आली की झपाट्यानं दुसऱ्या रूपात बदलून टाकणारं. मी तिच्या घरात जाऊन दूध शोधलं, नाही म्हणून जाहीर केलं, आणि शेजारचं काठोकाठ भरलेलं दह्याचं पातेलं बघितलंच नाही. पट्ट्यांवरची प्रत्येक तारीख खरी होती. ते दुसरं रूप अंगात साठलं की तोंडाला कोरड पडते आणि हात कापतात, हेही त्याच माहितीपत्रकात होतं. तिची तहान पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती आणि मी तिच्यावर विनोद करत होतो.

दोन्ही कागद घेऊन मी नानिवडेकर सरांकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आत्ताचा रिपोर्ट काय देणार, असं विचारलं. औषध आढळले असं देणार, मी म्हणालो, तेच खरं आहे. मग झालं तर, ते म्हणाले. मुलगी घरी येतेय ना? बाईला तेच हवं होतं ना? मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे? लॅबवर लोकांचा नुकता कुठे विश्वास बसायला लागलाय. त्यांनी मला धमकावलं नाही, शपथही घातली नाही. मला फक्त एक कारण हवं होतं, ते त्यांनी हातात दिलं आणि मी ते खिशात घातलं.

मी रिपोर्ट टाइप केला, 'रक्तात औषध आढळले'. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि त्या खऱ्या रिपोर्टनं माझा आधीचा खोटा रिपोर्ट कायमचा पक्का केला. नजरेखाली गोळी दिली तर रक्तात आली, म्हणजे आधी टाकतच होती. हळबे तसंच म्हणाले, भूपालही म्हणाला. आणखी एक ओळ लिहायची होती, आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे एवढीच. टाइपरायटर समोर होता. कागदावर जागाही होती.

भूपाल रिक्षा बघायला बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी निपाणीला जायचं ठरलं होतं. बाई काउंटरपाशी आली. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टर, एक इचारू?"

"विचारा की."

"गोळी पोटात गेली, आन् तरीबी मशीनला दिसली न्हाई, असं हुतंय का कधी?"

दोन्ही कागद माझ्या कोटाच्या खिशात होते. आत हात घातला असता तर बोटांना लागले असते.

"नाही," मी म्हणालो. "असं होत नाही."

"मग म्या टाकतच हुते असंल," ती म्हणाली. "मला वाटायचं, घेतीया म्हणून. तारीख लिवताना गोळी गिळल्यासारखं आठवतंय. पर डोकंच फिरलेलं, त्याचा काय भरवसा." तिनं हात जोडले. "मागल्या बारीला तुमास्नी खोटं बोलले. माफी करा."

तोवर मी समजत होतो की तिनं घरी पोरीसाठी खोटी कबुली दिली असेल, आणि मनातल्या मनात तिला तरी खरं माहीत असेल. ते उरलेलं खरंही मी काढून घेतलं होतं. आजारातून मोठ्या कष्टानं वर आलेल्या बाईला स्वतःच्या डोक्यावर जेमतेम विश्वास ठेवता येऊ लागला होता. तो मी एका शब्दात मोडला.

"असू दे," मी म्हणालो. "आता नीट घेत जा."

लाज वाटली का, असं कोणी विचारलं तर सांगतो, वाटली. पण ती त्या वेळी नाही. त्या वेळी रिक्षा आली आणि ती दोघं गेली, याचं हायसं वाटलं. लाज नंतर आली, आणि आली ती गेली नाही.

तिसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक नमुना चौदा मिनिटं चालवायला लागलो. पुढे पूडही आली. त्यानंतर कोणाच्या बाबतीत तशी चूक झाली नाही. मशीन सुधारलं, पद्धत सुधारली, फक्त एक रिपोर्ट तसाच राहिला.

चार वर्षांनी, दिवाळीनंतरच्या एका सकाळी, पद्मावतीबाई पुन्हा आल्या. आजार मधे उलटला होता, तीच गोळी पुन्हा सुरू होती. बरोबर नवरा नव्हता, आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. बाहेरच्या बाकावर जागा नव्हती म्हणून दोघी माझ्या समोरच उभ्या होत्या. घड्याळात दहा वाजले तशी मुलीनं आईच्या पिशवीतून पट्टी काढली, गोळी फोडून आईच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याची बाटली दिली. आईनं गिळली.

"आई, आ कर. जीभ वर."

सगळ्या लोकांसमोर आईनं तोंड उघडलं आणि जीभ वर केली. मुलीनं मान वाकडी करून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि झालं म्हणाली. त्यात राग नव्हता, लाड होता. मग तिनं आईच्या ओठांवरचा ओघळ आपल्या फ्रॉकच्या बाहीनं पुसला.

मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. शाबासकी मिळेल अशा भरवशानं ती म्हणाली, "रोज मीच बघते काका. आधी आई गोळ्या टाकून द्यायची आणि खोटं बोलायची. मग तुमच्या मशीननं पकडलं, म्हणून मला घरी आणलं."

पद्मावतीबाई पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आरोप असता तर मी बोललो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. आरोप नव्हता. पोरगी हुशार निघाली, एवढंच कौतुक होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. पोरीला खाली बसून सांगायचं होतं की तुझी आई एक दिवसही खोटं बोलली नाही, खोटं मी बोललो. दोन वाक्यं होती.

बाईंनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. बाटली रिकामी झाली होती.

"पाणी मिळंल का वो, डॉक्टर?" त्या म्हणाल्या.

मी पाणी आणायला आत गेलो. तांब्या भरायला जेवढा वेळ लावता आला तेवढा लावला.